घोड्याची भीती आणि क्रमाक्रमाचे शिक्षण

आपल्या परंडा तालुक्यात घोडा आता प्रवासाला किंवा शेतीला क्वचितच लागतो. मेंढरांचे कळप घेऊन फिरणाऱ्या धनगर बांधवांची ओझ्याची तट्टे सोडली, तर घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत, यात्रेत आणि जयंतीच्या मिरवणुकीत. म्हणजे जिथे सर्वांत जास्त गोंगाट असतो, नेमक्या तिथेच आपण त्याला उभा करतो. घोडेवाला खात्री देतो, "घोडा एकदम गरीब आहे, लेकरू बसवा खुशाल." या 'गरीब' शब्दावर विसंबून आपण नवरदेवाला, कधी नटवलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला, साडेतीनशे-चारशे किलो वजनाच्या जनावरावर बसवतो. पुढे हलगी, मागे डीजे, बाजूला फटाक्यांची माळ. अशा वेळी घोडा उधळला तर पाठीवरचे मूल, भोवतीची गर्दी आणि खुद्द घोडा, तिघांच्याही जिवावर बेतते.

म्हणून घोडा गरीब असणे आणि त्याला आवाजाची सवय असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी समजून घेतले पाहिजे. शांत स्वभावाच्या घोड्यालाही गोंगाटाचे आणि नव्या वस्तूंचे शिक्षण द्यावे लागते. ते कसे द्यावे, कसे देऊ नये आणि त्यात आपली जबाबदारी कोणती, याचा विचार या लेखात करू. आम्ही बँकेत खातेवह्या सांभाळणारे. घोडे शिकविणे हा आमचा व्यवसाय नव्हे. तथापि या विषयाचे जे शास्त्र आज उपलब्ध आहे, ते सभासद आणि विद्यार्थी यांच्यापुढे सोप्या भाषेत मांडावे, एवढाच हेतू.

वंदनेतील एक शब्द

बुद्धवंदनेत आपण तथागतांना 'पुरिसदम्मसारथी' म्हणतो. वळण लावण्यास योग्य अशा माणसांचा सारथी, असा त्याचा अर्थ. सारथी म्हटले की घोडा आलाच. मज्झिम निकायातील भद्दालि सुत्तात चतुर अश्वशिक्षकाचा दृष्टान्त आहे. हा शिक्षक चांगल्या जातीच्या शिंगराला प्रथम फक्त लगामाची सवय लावतो. पूर्वी कधी न केलेली गोष्ट असल्याने शिंगरू अंग टाकते, तडफडते, चाळवते. पुन्हा पुन्हा आणि क्रमाक्रमाने तेच केल्यावर ते त्या गोष्टीपुरते शांत होते. मगच शिक्षक त्याला जुवाची सवय लावतो, आणि त्यानंतर चालीचे व धावेचे पुढचे धडे देतो.

या दृष्टान्तातील तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, नवी गोष्ट आली की चांगल्या जातीचे शिंगरूही बिथरते. ती त्याची खोड नव्हे. दोन, एका वेळी एकच नवी गोष्ट. तीन, पहिली गोष्ट पचल्याशिवाय दुसरी नाही. दृष्टान्त भिक्खूंच्या शिक्षणासाठी सांगितला गेला हे खरे. पण घोड्याविषयी त्यात जे गृहीत धरले आहे, ते आजच्या प्राणिवर्तनशास्त्राशी जुळणारे आहे.

घोडा का बुजतो?

घोडा हा गवत खाणारा, कळपाने राहणारा प्राणी. त्याला शिंगे नाहीत, नखे नाहीत. संकटातून वाचण्याचा त्याचा पहिला उपाय म्हणजे पळणे. आधी पळायचे आणि मग लांब जाऊन वळून पाहायचे, ही सवय हजारो पिढ्यांची आहे. घरी बांधला म्हणून ती जात नाही.

त्याची ज्ञानेंद्रियेही पळण्याच्या सोयीची आहेत. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. मात्र कपाळाच्या अगदी पुढचा व नाकाखालचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग त्याला दिसत नाही. मागून आलेला माणूस, गुडघ्याजवळ घुटमळणारे मूल, पायांत पडलेला फटाका हे त्याला दिसण्याआधी फक्त ऐकू येतात. निळा-पिवळा रंग त्याला ओळखता येतो. तांबड्या-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावण्यास आपल्यापेक्षा अधिक वेळ लागतो. म्हणून झगमगत्या मांडवातून काळोख्या बोळात शिरताना तो अडतो. त्या अडण्याला हट्ट समजून चाबूक मारणे चुकीचे आहे.

ऐकण्याचे म्हणाल, तर माणसाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनांचे आवाज ऐकू येतात. घोड्याला सुमारे ५५ ते ३३,५०० कंपनांचे. म्हणजे आपल्याला ऐकूच न येणारे अतिशय बारीक, चिरके आवाज त्याला ऐकू येतात. ध्वनिक्षेपकाची शिट्टी वाजल्यावर आपण नुसते कान झाकतो. त्याला तो आवाज कसा वाटत असेल याचा अंदाज करावा. दोन्ही कान तो स्वतंत्रपणे फिरवतो. आवाज कोठून येतो हे कळले की निम्मी भीती जाते. सर्व बाजूंनी आवाज आला, की कान कोठे वळवावेत हे त्याला कळत नाही, आणि तेथे घबराट सुरू होते.

'गरीब' घोडा म्हणजे कोणता?

शांत उभा असलेला प्रत्येक घोडा सारखा नसतो. आमच्या मते त्याचे तीन प्रकार करता येतील.

पहिला, शिकलेला घोडा. याने हलगी, ट्रॅक्टर, झेंडे, गर्दी हे सारे पूर्वी टप्प्याटप्प्याने पाहिले आहे. आवाज आला तर एक कान वळवतो आणि पुन्हा चारा खाऊ लागतो. त्याची मान सैल असते, एक मागचा पाय ढिला सोडलेला असतो.

दुसरा, न पाहिलेला घोडा. स्वभावाने शांत, पण त्याचे जग लहान. माथेरानचे उदाहरण घ्या. तेथे मोटारींना बंदी असल्याने पर्यटकांची ने-आण अनेक वर्षे घोड्यांवर होत आली. लहान मुले, छत्र्या, छोटी आगगाडी या गोष्टी तेथल्या घोड्याच्या रोजच्या पाहण्यातल्या. तोच घोडा हमरस्त्यावर आणला तर मालमोटारीचा भोंगा त्याला ओळखीचा असेलच असे नाही. शांतपणा जिथे शिकला तिथला असतो. तो आपोआप दुसऱ्या गावी येत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. हा घोडा थकलेला, आजारी, मार खाऊन दबलेला किंवा गुंगीचे औषध दिलेला असतो. तो हलत नाही म्हणून आपण त्याला गरीब म्हणतो. पण जवळून पाहावे. नाकपुड्या ताठ, तोंड आवळलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, शेपूट दाबून धरलेली, अंगाला घाम, वारंवार पातळ लीद. ही सोसण्याची लक्षणे आहेत, शांतपणाची नव्हेत. सोसण्याला मर्यादा असते, आणि ती संपते तेव्हा पूर्वसूचना मिळतेच असे नाही. गुंगीतला घोडा अडखळून पडतो आणि मोठ्या आवाजाने गुंगीतूनही दचकतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा जनावराला मारणे, त्याच्याकडून शक्तीबाहेर काम घेणे, आजारी असताना कामास जुंपणे आणि अपायकारक औषध देणे हे सारे गुन्हे मानतो, हेही सभासदांना माहीत असावे.

भीती घालविण्याच्या दोन वाटा

पहिली वाट गावोगाव प्रचलित आहे. घोडा आवाजाला भितो ना, मग खांबाला बांधा आणि शेजारी फटाके वाजवा. दमला की गप्प बसेल. घोडा गप्प बसतो हे खरे. पण पुष्कळदा तो शिकलेला नसतो, हरलेला असतो. वर सांगितलेला तिसऱ्या प्रकारचा घोडा असाच तयार होतो. शिवाय धडपडीत दोर तुटतो, मान मुरगळते, घोडा अंगावर पडतो. कित्येक घोडे उलट जास्तच भित्रे होतात. मग हलगी दूरवर वाजली तरी त्यांना घाम फुटतो.

दुसरी वाट क्रमाची. भीती वाटणार नाही इतक्या थोड्या प्रमाणात आवाज द्यायचा, तो पचला की किंचित वाढवायचा. या दोन वाटांची तुलना डेन्मार्कमध्ये झाली आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षे वयाच्या २७ नर घोड्यांना हलणाऱ्या पांढऱ्या नायलॉनच्या पिशवीची सवय लावण्यात आली. एका गटाला पिशवी एकदम पूर्ण दाखविली, एका गटाला थोडी थोडी करत दाखविली, आणि एका गटाला पिशवीबरोबर खाणे दिले. क्रमाने शिकविलेल्या गटातील घोडे सर्वांत कमी वेळा बिथरले, त्यांना कमी पाठ लागले आणि त्या गटातील सर्व घोडे अखेर शिकले. इतर दोन गटांतील काही घोडे शेवटपर्यंत शिकले नाहीत. म्हणजे हळू वाटणारी वाटच जवळची ठरली. डेन्मार्कमधील दुसऱ्या एका अभ्यासात असेही दिसले, की सरावलेला शांत घोडा सोबत असला तर नवख्या घोड्याची भीती कमी होते. जाणत्या घोड्याशेजारी नवा घोडा उभा करावा, या जुन्या लोकांच्या सांगण्याला त्यामुळे आधार मिळाला.

पाठ कसे द्यावेत?

पूर्वतयारी : प्रथम पशुवैद्याकडून घोड्याची तपासणी करून घ्यावी. दात, पाठ, खूर दुखत असतील तर घोडा आवाजाने नव्हे, दुखण्याने उसळतो. खोगीर पाठीला नीट बसते का, तंग काचत तर नाही ना, हे पाहावे. 'चल', 'थांब', 'मागे सर' आणि 'मान खाली' या चार गोष्टी तो शांत जागी हलक्या इशाऱ्याने करतो, याची खात्री करावी. गोंगाटात आपल्या हातात एवढ्याच चार गोष्टी असतात.

जागा उघडी, भुसभुशीत जमिनीची, भोवती तार नसलेली असावी. घोडा खांबाला बांधू नये. मोहरकीला लांब दोर लावून जाणत्या माणसाने धरावा. दोर हाताला गुंडाळू नये, नाहीतर घोडा उधळल्यास माणूस फरफटत जातो. पायांत बूट आणि बसणाऱ्याच्या डोक्याला शिरस्त्राण असावे.

पहिला पाठ, अंतराचा : उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणून अंतर हे आपले सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे साधन आहे. हलगीवाल्याला शंभर-दीडशे पावलांवर उभे करावे. त्याने एकच टिपरी हलकी मारावी. घोड्याने कान टवकारले, पण चारा चावणे थांबविले नाही, तर अंतर बरोबर आहे. चावणे थांबले, मान ताठ झाली, तर हलगीवाल्याने आणखी दूर जावे. 'चारा खातो आहे की नाही' ही कसोटी शाळकरी मुलालाही वापरता येण्याजोगी आहे.

दुसरा पाठ, मागे जाणाऱ्या आवाजाचा : सुरुवातीला हलगीवाल्याने घोड्याकडे येऊ नये, घोड्यापासून दूर चालत जावे आणि घोड्याला त्याच्यामागून सावकाश न्यावे. जी वस्तू पळते तिची भीती वाटत नाही, उलट कुतूहल वाटते. काही दिवसांनी हलगीवाल्याने बाजूने समांतर चालावे, मग समोरून यावे, आणि सर्वांत शेवटी मागून. मागून येणारा आवाज घोड्याला सर्वांत कठीण.

तिसरा पाठ, आवाज आणि हरभरा : टिपरी वाजली की लगेच मूठभर भिजवलेला हरभरा. क्रम उलटा करू नये. आधी हरभरा आणि मग आवाज असे झाले, तर घोडा हरभऱ्यालाच संशयाने पाहू लागतो. आवाज म्हणजे काहीतरी चांगले येणार, अशी गाठ त्याच्या मनात पडली पाहिजे. हरभरा मात्र नेहमीच्या खुराकातूनच काढावा. दाणा एकाएकी वाढविल्यास पोटशूळ उठतो आणि तो घोड्याच्या जिवावर बेतू शकतो.

चौथा पाठ, एका वेळी एकच बदल : आवाज मोठा करायचा, तर अंतर तेच ठेवावे किंवा वाढवावे. अंतर कमी करायचे, तर आवाज तोच ठेवावा. एका हलगीच्या दोन करायच्या, तर पुन्हा लांबून सुरुवात करावी. वेळ, दिशा, संख्या, जागा यांतील एकच गोष्ट एका दिवशी बदलावी. पाठ दहा-पंधरा मिनिटांचा, दिवसातून एक-दोनदा. घोडा शांत असतानाच पाठ संपवावा, त्याची परीक्षा पाहत ताणू नये.

पाचवा पाठ, चुकल्यास काय करावे : घोडा दचकलाच तर ओरडू नये, मारू नये. मार बसला की आवाज आणि वेदना यांची जोडी जमते आणि महिन्याची मेहनत वाया जाते. लगाम दोन्ही बाजूंनी ओढून धरण्यापेक्षा त्याचे तोंड एका बाजूला वळवून लहान फेरी घ्यावी, उभा राहिला की लगाम सैल सोडावा. आवाज लांब न्यावा, घोडा शांत झाला की सोपा पाठ एकदा घ्यावा आणि त्या दिवसापुरते थांबावे. दुसऱ्या दिवशी एक पायरी मागून सुरुवात करावी.

हे पाठ प्रथम जमिनीवर उभे राहून, मग रिकामे खोगीर घालून, मग जाणत्या स्वारासह करावेत. मूल बसवायचे असेल तर ते सर्वांत शेवटी.

नव्या वस्तू आणि नव्या जागा

घोडा आवाजालाच भितो असे नाही. सोनारीत पत्र्यावरून धावणारी माकडे, गळीत हंगामातील उसाच्या ट्रॉल्या आणि त्यांवर लावलेली गाणी, वाऱ्याने फडफडणारा शेततळ्याचा कागद, यात्रेतील पाळणे, जनित्र, कमान, रोषणाईच्या माळा या सर्व त्याच्या दृष्टीने परीक्षाच आहेत. प्रत्येकाची रीत तीच. ताडपत्रीवरून न्यायचे असेल तर दोन ताडपत्र्या आधी दहा फूट अंतराने पसराव्यात, मधून न्यावे, दिवसेंदिवस फट कमी करावी. छत्री प्रथम मिटलेली दाखवावी, लांब उघडावी, मग जवळ आणावी. झेंडा प्रथम गुंडाळलेला, मग अर्धा, मग वाऱ्यावर. घोड्याला वस्तू हुंगायची असेल तर वेळ द्यावा. ढकलत नेऊ नये. नदी-ओढा ओलांडायचा, तर सरावलेला घोडा पुढे ठेवावा.

वरातीच्या घोड्याची सजावट हीसुद्धा नवी वस्तूच आहे. झूल, गोंडे, घुंगरू, डोक्यावरचा तुरा हे सारे मिरवणुकीच्या दिवशी प्रथमच चढवू नये. घरी शांतपणे चढवून, त्यासह चालवून पाहावे.

अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग येथे उपयोगी आहे. मुलांच्या खेळण्याचे एक मोठे घर घोड्यांना पुन्हा पुन्हा दाखवून त्याची सवय लावण्यात आली. मग तेच घर जागच्या जागी काटकोनात फिरवून ठेवले. घोडे पुन्हा बिचकले, जणू वस्तूच नवी. म्हणून 'त्याने हा ट्रॅक्टर पाहिला आहे' एवढे म्हणणे पुरेसे नाही. ट्रॅक्टर डावीकडून, उजवीकडून, पुढून, मागून, दिवसा आणि रात्री, दिवे लावून आणि बंद करून दाखवावा.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे

गोंगाटात शांत राहणाऱ्या घोड्यांचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे आळंदी-पंढरपूर पालखीतील अश्व. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे घराण्याकडून दोन अश्व पायी आळंदीला येतात. एकावर झेंडा घेतलेला स्वार असतो, दुसरा मोकळा असतो. हजारो टाळ-मृदंग आणि लाखो माणसे यांच्यामधून ते रिंगणात धावतात. येथे श्रद्धेचा भाग बाजूस ठेवून केवळ क्रम पाहावा. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि पहिले उभे रिंगण लोणंदच्या पुढे चांदोबाचा लिंब येथे होते. म्हणजे धावण्यापूर्वी कित्येक दिवस हे अश्व त्याच आवाजात, त्याच माणसांबरोबर नुसते चालत असतात. चालणे आधी, धावणे नंतर. वरातीच्या घोड्याला ही सवलत आपण देतो का? तो सायंकाळी टेम्पोतून उतरतो आणि अर्ध्या तासात डीजेपुढे उभा केला जातो.

दुसरे उदाहरण मुंबई पोलिसांचे. त्यांचे घोडेस्वार पथक वाहतूक वाढल्यामुळे १९३२ साली बंद झाले होते. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी शिवाजी पार्कच्या संचलनात असे पथक पुन्हा उतरविण्यात आले. जगभर पोलिसांच्या घोड्यांना झेंडे, ढोल, धूर, गर्दी यांची सवय जाणत्या घोड्याच्या सोबतीने पायरी-पायरीने लावतात, आणि ज्या घोड्याला ते मानवत नाही त्याला त्या कामावरून काढतात. ही शेवटची गोष्टही महत्त्वाची. प्रत्येक घोडा मिरवणुकीसाठी नसतो. एखादा घोडा शेतरस्त्यावरच्या रपेटीला उत्तम असेल आणि वरातीला अगदीच अयोग्य. त्यात त्याचा दोष नाही.

मिरवणूक काढणाऱ्यांचे कर्तव्य

शिक्षण घोड्यालाच द्यायचे आणि आपण मात्र आवाज वाढवत राहायचे, हे न्यायाचे नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. डीजेच्या भिंतीपुढे उभे राहिलेल्या कोणालाही ही मर्यादा किती पाळली जाते ते ठाऊक आहे. त्या आवाजाची सवय कोणत्याही घोड्याला लावता येत नाही आणि लावूही नये. कारण तो आवाज भीतीदायक आहे एवढेच नव्हे, तर कानांना इजा करणारा आहे, घोड्याच्या आणि आपल्याही. म्हणून घोडा आणावयाचा असेल तर मंडळांनी व कुटुंबांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) ठरविण्यापूर्वी घोडा प्रत्यक्ष जाऊन पाहावा. तो हलगीजवळ चारा खातो का, हे डोळ्यांनी पाहावे.
२) ध्वनिक्षेपक घोड्याच्या मागे किंवा दोन्ही बाजूंस लावू नये. वाद्ये पुढे, पुरेशा अंतरावर असावीत.
३) घोड्याच्या आसपास फटाका नाही म्हणजे नाही.
४) लगाम एका जाणत्या माणसाच्या हाती असावा. तो प्यालेला नसावा. घोड्याच्या मागे व पोटाशी कोणी उभे राहू नये. चार स्वयंसेवकांनी कडे करावे.
५) मुलाला खोगिराला बांधू नये. रिकिबीत पाय अडकणार नाही हे पाहावे. लहान मुलाला बसविण्याचा मोह शक्यतो टाळावा.
६) घोडा दोन तास आधी आणून जागा दाखवावी. दर अर्ध्या-पाऊण तासाने पाणी व विश्रांती द्यावी. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापलेल्या डांबरावर उभा करू नये.
७) कानांत कापसाचे बोळे घालावयाचे असतील, तर तेही आधी घरी सवय लावून, आणि दोरा बांधून, म्हणजे आत राहणार नाहीत.
८) घोडा अस्वस्थ दिसताच स्वाराने उतरावे आणि घोडा बाजूला न्यावा. कार्यक्रमाचा खोळंबा परवडतो, अपघात परवडत नाही.

आणि तयार घोडा मिळालाच नाही तर? तर घोड्यावाचून मिरवणूक काढावी. नवरदेव पायी चालला तर त्याचा मान कमी होत नाही. जयंतीची शोभा शिस्तीने वाढते, घोड्याच्या घामाने नाही.

समारोप

बँकेतील आवर्ती ठेव सर्वांना माहीत आहे. दरमहा थोडे थोडे भरावे लागते. शेवटच्या दिवशी सारी रक्कम एकदम आणून टाकतो म्हटल्याने चालत नाही. घोड्याचा विश्वासही रोज थोडा थोडा जमा करावा लागतो. फरक इतकाच, की ठेव मोडली तर काही व्याज तरी हाती येते. येथे एका संध्याकाळी केलेली जबरदस्ती सारे मुद्दलच घेऊन जाते.

ही रीत घोड्यापुरती नाही, हे विद्यार्थ्यांनी ओळखलेच असेल. गणिताला घाबरणारा मुलगा, सभेत बोलताना अडखळणारी मुलगी, पहिल्यांदाच शहरात शिकायला गेलेला खेड्यातला तरुण यांना एकदम खोल पाण्यात ढकलून धीट करता येत नाही. त्यांनाही त्यांच्या पायरीवरून एक पायरी वर नेणारा कोणी लागतो. मात्र घोडा बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत आपले पाहणे अधिक बारीक हवे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१) 'शांत घोडा' आणि 'दबलेला घोडा' यांतील फरक कोणत्या खुणांवरून ओळखाल?
२) आवाजाच्या पाठात अंतराचे महत्त्व काय? कोणत्या कसोटीने अंतर ठरवाल?
३) हरभरा आवाजानंतर द्यावा, आधी नको, असे का?
४) आपल्या गावातील घोड्याला नव्या वाटतील अशा दहा वस्तू वा आवाज लिहा आणि सोप्याकडून कठीणाकडे असा त्यांचा क्रम लावा.
५) आपल्या वस्तीतील पुढील मिरवणुकीसाठी घोड्याच्या सुरक्षिततेची पाच नियमांची पाटी तयार करा.